तिखट लागतं का

१४ सप्टेंबर १९७५

प्रिय आत्या,

बाबांच्या पत्रातून तुझी बातमी कळली. सहा दात उपटून झाले आणि सहाही चांगले निघाले, हे वाचून मला दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आता जिल्ह्याचे डॉक्टर स्पिरिटचं इंजेक्शन देऊन गालाची नसच मारून टाकू म्हणतात आणि तू हो म्हणायच्या बेतात आहेस. कृपा करून महिनाभर थांब.

ती नस म्हणजे एक दोरी नाही, जुडी आहे. त्यात दुखणं कळवणारे धागे आहेत, स्पर्श कळवणारे आहेत आणि जबडा हलवणारेही आहेत. स्पिरिट सगळ्यांना सारखंच मारतं. तुझं दोन्ही बाजूंना दुखतं, तेव्हा ते दोन्ही बाजूंना टोचतील. मग जबडा लोंबेल, ओठाला कप लागलेला कळणार नाही, सूप हनुवटीवरून खाली येईल.

मी काम करते त्या खोलीत आम्ही वेगळा रस्ता शोधतोय. आमचं भुलीचं औषध असं आहे की ते धाग्याच्या आत आपणहून शिरूच शकत नाही. पण दुखण्याच्या धाग्याला एक दार असतं, आणि ते दार मिरचीच्या अर्काने उघडतं. होय, आपल्याच मिरचीच्या. हलवणाऱ्या धाग्यांना ते दार नसतंच. त्यामुळे औषध फक्त दुखण्यात शिरतं. अर्काने आधी आग होते, म्हणून सुरुवातीला साधी भूल देतो. ती दोन तासांत उतरते आणि मग पाच आठवडे माणूस बोलतो, चावतो, हसतो, आणि दुखत नाही. अकरा जणांवर चाचणी चालू आहे. बारावी जागा रिकामी आहे.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. फॉर्मात 'कर्मचाऱ्याशी नातं' असा रकाना आहे. नातेवाइकांना चाचणीत घेत नाहीत. तुझं आडनाव वेगळं आहे. मी तो रकाना कोरा ठेवणार आहे. आजवर मी अशी लबाडी केलेली नाही. पण घरातली पहिली मुलगी कॉलेजात गेली, आणि तिच्या शिक्षणाचा उपयोग तिच्याच आत्याला होऊ नये, हे मला पटत नाही.

तुझी,
हायनाल्का


२१ सप्टेंबर

हायनाल्का,

तुझं पत्र आन्तालला ऐकवायचं होतं. मला बोलता येत नाही, म्हणून शेजारच्या बोरिश्काला बोलावलं. तिने ते इतक्या रडक्या सुरात वाचलं की आन्ताल मध्येच म्हणाला, "अगं, एतेल्का गेली की काय? मघाशी तर चुलीपाशी होती."

तुला आम्हा नवराबायकोचं घर कसं चाललंय ते माहीत नाही, म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी त्याचे डोळे गेले. दोन वर्षांपूर्वी माझं तोंड बंद झालं. मी पाटीवर लिहू शकते, त्याला वाचता येत नाही. तो प्रश्न विचारतो, मी मान हलवते, त्याला दिसत नाही. "आहेस का?" एवढंच तो दिवसातून वीसदा विचारतो. मी टेबलावर चमचा आपटते. तुरुंगात शेजारशेजारच्या कोठडीतली माणसं असंच करतात म्हणे.

एक शब्द बोलले की कानापासून हनुवटीपर्यंत वीज जाते. वारा लागला तरी जाते. तरी रोज सकाळी मिरचीच्या गिरणीत पूड चाखायला जाते. चाळीस नमुने असतात. जिभेच्या टोकाला चिमूट लावायची, थुंकायचं, पाटीवर लिहायचं: गोडी, मध्यम, तिखट. मी गोडी म्हटलं की पोत्याला गोडीचा शिक्का बसतो आणि ती पूड दवाखान्यात, पाळणाघरात, परदेशात कुठेही जाते. प्रत्येक नमुन्याला झटका बसतो. मी भिंतीकडे तोंड करते, म्हणजे पोरींना दिसत नाही.

तेव्हा येते. रकाना कोरा ठेव नाहीतर त्यात फुलं काढ. आणि घरातली पहिली शिकलेली म्हणून फार छाती फुगवू नकोस, तुला अक्षरं मी शिकवली.

आत्या


१२ ऑक्टोबर

हायनाल्का,

आज सहा दिवस झाले. मी बोलते आहे.

दवाखान्यात तू "बाई, इकडे बसा" म्हणालीस तेव्हा मला हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर वीज आली नाही, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत विचित्र गोष्ट. घरी पोचले तर आन्ताल फाटकाशी उभा. मी म्हटलं, "पुढची पायरी निसटलीय, जपून." तो खाली बसला. तिथेच, त्या निसटलेल्या पायरीवर.

तेव्हापासून मी थांबलेले नाही. वर्तमानपत्र वाचते, मग आणखी एकदा वाचते. कुणाचं लग्न झालं, कुणाची सून पळाली, दोन वर्षांचं सगळं साठलेलं. काल रात्री तो म्हणाला, "एतेल्का, देवाने तुला बरं केलं, आता मला झोपायला तरी दे."

सफरचंद चावून खाल्लं. तिसा नदीतल्या माशाचं लाल सार केलं आणि दोन ताटं संपवली. गिरणीतही आनंद आहे. यंदा पीक फारच गोड आलंय, चाळीसपैकी अडतीस नमुने गोडी. केरेकेश मॅनेजरने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, गोडीचा विक्रम. त्याला बढती हवीय.

ज्यांचं हे औषध त्या तुझ्या प्राध्यापक सालाईंना म्हणावं, या म्हातारीने त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली. ते देव मानत नसतील तर त्यांना सांगू नकोस, मेणबत्तीला काही फरक पडत नाही.

आत्या


२० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरते. प्रयोगशाळेत उंदीर मोजताना कधीकधी वाटायचं, हे सगळं कुणासाठी? आता वाटत नाही.

तरी काम काटेकोर व्हायला हवं. यादी जोडली आहे, एकवीस प्रश्न. गालाला केस लागला तर कळतो का, शिट्टी वाजते का, गाल फुगवून पाणी धरता येतं का, मीठ, साखर, लिंबू, कडू ओळखता येतं का. प्रत्येकासमोर हो किंवा नाही लिही. प्रामाणिकपणे लिही, आत्या. तुझ्या उत्तरावर पुढे हजारो लोकांचं औषध ठरणार आहे.

हायनाल्का


२६ ऑक्टोबर

हायनाल्का,

तुझ्या यादीत जे विचारलंय त्या सगळ्याला उत्तर हो. शिट्टी आधी येत नव्हती, अजूनही येत नाही, ते औषधाच्या नावावर लिहू नकोस.

पोटाची थोडी तक्रार आहे. जळजळतं, सकाळी जास्त. दवाखान्यातून काही पांढरी पूड मिळाली तर पाठव. बाकी ठीक. आन्ताल नमस्कार सांगतो आणि विचारतो की यादीत 'नवऱ्याला झोप मिळते का' हा प्रश्न का नाही.

दुसरं इंजेक्शन १० तारखेला, लक्षात आहे.

आत्या


२३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पोटाची पूड सोबत पाठवते आहे. १० तारखेला तू फार उतरलेली दिसलीस. मी सगळ्यांसमोर विचारू शकले नाही. दुखत नाही, नीट जेवतेस, मग वजन कसं कमी झालं? एकदा मोकळेपणाने लिही.

इथे या आठवड्यात मोठा गोंधळ झाला. आमच्या वरच्या मजल्यावर जबड्याच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण असतात. त्यांना मऊ बटाट्याचा लाल रस्सा देतात, अर्थातच गोड्या पुडीचा. बुधवारी पहिला घास घेतला आणि खोलीभर आरडाओरडा. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडातला टाका ठसक्याने उसवला, रक्त थांबेना, पुन्हा भूल देऊन शिवावा लागला. स्वयंपाकीण रडत पोतं दाखवायला घेऊन आली. गोडीचाच शिक्का होता, पण आतली पूड जाळ. कुणीतरी न चाखताच शिक्का मारला असणार. मला फार संताप आला. तुझ्यासारखी माणसं एकेका नमुन्यासाठी झटके सोसतात, आणि दुसरीकडे कुणी असं करतं.

त्यातही एक छान गोष्ट घडली. त्याच खोलीत आपल्या औषधाचे तिघं होते. ते शांतपणे जेवत होते, एकाने तर रस्सा परत मागितला. प्राध्यापक म्हणाले, भूक लागणं ही बरं होण्याची खूण आहे. मी ते वहीत लिहून ठेवलं.

हायनाल्का


२ डिसेंबर

हायनाल्का,

ते पोतं माझं होतं.

आठवडाभर हे एक वाक्य लिहून फाडत होते. आता पुढचं सांगते.

इंजेक्शननंतर गिरणीत गेले तेव्हा मला खरंच वाटलं, यंदा पीक गोड आलंय. दुसरं काय वाटणार? माझ्या जिभेबद्दल मला चाळीस वर्षांत शंका आली नव्हती. जीभ बदलली असं मनात येण्यापेक्षा वावरातली मिरची बदलली हे जास्त खरं वाटलं. फळ्यावर विक्रम लिहून झाला. मग आठवड्याभराने घरी माझ्या अंगणातली माळ काढली, ती जहाल मिरची मी स्वतः लावलेली, आणि चावली. काही नाही. गोड, थोडी कडसर, वास छान. आन्तालने त्याच मिरचीचा तुकडा तोंडात घातला आणि पाण्याचा तांब्या उपडा केला. तेव्हा कळलं.

आम्ही लहानपणी शिरा काढायला बसायचो, मिरची चिरून आतली पांढरी शीर नखाने ओढायची, म्हणजे पूड गोड होते. पहिले तीन दिवस बोटं जळायची, रडायचो. आठवड्याने बोटांना काही कळेना. आई म्हणायची, "आता कामाची झालीस." बोट पहिल्यासारखंच हलायचं, सुई धरायचं, फक्त जळायचं नाही. तुमच्या औषधाने माझ्या तोंडाचं तेच केलंय. तिखट ही चव नाही गं. ते दुखणं आहे. मी चाळीस वर्षं दुखणं चाखून पोट भरलं आणि ते मला आत्ता कळलं. तुझ्या यादीत मीठ होतं, साखर होती, लिंबू होतं. तिखट लागतं का, हे कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही औषध थांबवलं असतं.

तेव्हापासून मी थुंकत नाही, गिळते. घशाला थोडं कळतं, उशिरा. रोज चाळीस चिमट्या. म्हणून ते पोट, म्हणून ती पूड. फार जहाल असेल तर घसा सांगतो, पण त्याच्या खालचं निसटतं. किती पोती निसटली ते देवाला ठाऊक.

१५ तारखेला तिसरं इंजेक्शन. घेतलं तर घरात बोलेन आणि गिरणीत आंधळी. नाही घेतलं तर गिरणीत शहाणी आणि घरात मुकी. दोन्ही बाजूंना भिंत. मला थोडे दिवस दे. माझं ठरेपर्यंत कुणाला काही सांगू नकोस. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव मात्र कळव.

आत्या


८ डिसेंबर

प्रिय आत्या,

तू गप्प राहा म्हणालीस. मी राहिले नाही.

तुझं पत्र वाचलं आणि चिमूटभर तिखट घेऊन मी आपल्या तिघांकडे गेले. तिघांनाही लागलं नाही. मग चौथ्याकडे गेले, रेल्वेतले एक गार्ड आहेत. त्यांनी तोंड उघडलं तर टाळूभर फोड. उकळता चहा प्यायले होते. मी विचारलं, "भाजलं नाही?" ते म्हणाले, "हाताला भाजलं, म्हणून तर पटकन पिऊन टाकला." आत्या, ते हसत होते. फोडात पू धरला होता.

भाजलेलंही त्याच दारातून आत येतं. पहिल्या पत्रात मीच तुला त्या दाराबद्दल ऐटीत लिहिलं होतं, आणि त्यातून आणखी काय काय येतं याचा विचार केला नव्हता. त्या गार्डसमोर उभी असताना मला गप्प राहणं शक्य नव्हतं.

प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला मिरची घेऊन जायचं सुचलं कसं?" मला काहीही सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. कोरा रकानाही. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. चाचणी चालू राहील, यादीत दोन प्रश्न वाढतील, रुग्णांना गरम खाण्याबद्दल बजावलं जाईल. बारावी रुग्ण यादीतून बाद. दोन वर्षांनी चाचणी संपेल, तोपर्यंत तुला औषध मिळणार नाही. मला वॉर्डातून काढून बाटल्या धुण्यावर ठेवलंय. तुझ्या गिरणीचं नाव मी सांगितलेलं नाही, ते तू सांगायचंस.

मी स्वतःला एवढंच समजावते की तू शेवटी गिरणीच निवडली असतीस. चाळीस वर्षांचा तुझा मान आहे तिथे. तो तरी आता राहील.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव फेरेन्त्स वाडास. टाका भरून आलाय.

हायनाल्का


८ डिसेंबर

हायनाल्का,

ठरलं.

आज सकाळी केरेकेशच्या टेबलावर शिक्का ठेवला आणि सगळं सांगितलं. ऑक्टोबरपासूनची पोती परत मागव म्हटलं. त्याने आधी फळ्याकडे पाहिलं. विक्रम पुसायला उठला, मग परत बसला. "बाई, तुम्ही बरं व्हायला कशाला गेलात," असं म्हणाला. वाईट मनाने नाही. माझ्या जागी तेरुशला बसवलं. पोर सव्वीस वर्षांची आहे, जीभ चांगली आहे, घाबरट आहे.

मी बोलणं निवडलं. घरी येऊन आन्तालला सांगितलं, गिरणी सुटली. तो म्हणाला, "म्हणजे आता दिवसासुद्धा बोलणार?" आणि माझा हात धरून बसला.

पोटही सुधारेल आता. सोमवारी १५ तारखेला सकाळच्या बसने येते. तुझ्या प्राध्यापकांना तिखटाचं मी स्वतः सांगेन. आता माझं काही अडलेलं नाही, शिक्काच नाही तर चूक कसली होणार. नात्याचं मात्र बोलणार नाही, काळजी करू नकोस.

आत्या


१२ डिसेंबर

आत्या,

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेल. तुझं मला आज मिळालं.

मी आज प्राध्यापकांकडे पुन्हा दोनदा गेले. ते म्हणाले, नियम एका माणसासाठी मोडला की मोजमाप सगळ्यांचं खोटं होतं. हेच वाक्य मी पहिल्या वर्षी वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली रेघ मारली होती.

तू फक्त थोडे दिवस मागितले होतेस. मी तुझ्या वतीने ठरवून टाकलं की तुला काय हवं असेल. आता तुझी गिरणीही गेली आणि औषधही.

एक सांगते. औषधाच्या कपाटाची किल्ली त्यांनी अजून परत मागितलेली नाही. सुई टोचायला मला येते. तू म्हणालीस तर मी एक कुपी घेऊन येईन. हे मी विचार करून लिहिते आहे.

हायनाल्का


११ जानेवारी १९७६

हायनाल्का,

उशीर झाला, कारण मन धड नव्हतं.

कुपी आणू नकोस. किल्ली ते मागायच्या आत नेऊन दे. एकदा तू माझ्यासाठी रकाना कोरा ठेवलास आणि एकदा मला न विचारता भरलास. दोन्ही वेळा मन चांगलं होतं. आता पुरे. मी रागावले होते, आठ दिवस रागावले होते, आन्तालसमोर तुला नको ते बोलले. बोलता येत होतं ना. मग तो म्हणाला, "त्या गार्डच्या जागी मी असतो तर?" राग गेलाय असं म्हणत नाही. थोडा आहे. तो माझ्याकडेच राहू दे.

फेरेन्त्स वाडास यांना पत्र लिहिलं. त्यांनी उलट टपाली कळवलं की त्यांची बायको यापेक्षा तिखट करायची.

१५ तारीख उलटल्यावर काय झालं ते तुझ्या कामाचं असेल, म्हणून लिहिते. आधी तिखट परत आलं, दुखणं दोन दिवसांनी. ते दोन दिवस माझ्याकडे दोन्ही होतं. एक दिवस तेरुशला दिला. तिला समोर बसवून साठ नमुने चाखवले आणि प्रत्येकाचं बोलून सांगितलं, हे टोकाला चावतं, हे मागून येतं, हे गोड वाटतं पण थांब, दहा मोज. दुसरा दिवस आन्तालला दिला. आम्ही सगळं बोलून घेतलं. तीस वर्षांची राहिलेली दोन भांडणंसुद्धा उरकली. एकात तो बरोबर होता.

नाताळच्या आदल्या दिवशी ताट मांडताना वीज आली. मी न सांगताच त्याला कळलं. ताट ठेवायचा आवाज बदलतो म्हणे.

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी मार्चमधली तारीख देऊ केलीय. अजून हो म्हटलेलं नाही. स्पिरिटने जबडा जाईल, तुझ्या औषधाला दोन वर्षं आहेत. मी अठ्ठावन्नची आहे. रोज सकाळी उठून दोन्ही बाजू मोजते आणि दोन्ही सारख्याच भरतात.

तेरुश अधूनमधून नमुना घेऊन येते, तिला एखाद्याची खात्री नसते. मी चाखते आणि पाटीवर लिहिते. तिच्यासमोर भिंतीकडे वळत नाही. तिला कळायला हवं की हे कशाने कळतं.

परवा आन्ताल म्हणाला, "एतेल्का, एकच वाक्य बोल. महिनाभर पुरवून घेईन." मी दोन दिवस विचार केला. एवढी किंमत मोजायची तर काय बोलावं? किती मोठी मोठी वाक्यं मनात आली. आज दुपारी तो खिडकीशी उन्हात बसला होता. मी जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तुझी दाढी फार वाढलीय."

वीज आली, गेली. त्याने गालावरून हात फिरवला आणि हसत सुटला. म्हणाला, "महिनाभर हेच पुरवायचं?"

पाणी तापलंय. वस्तरा मलाच धरावा लागतो. त्याला गाल फुगवून बसायला सांगायचं असतं, ते आता माझं बोट लावून सांगते. जाते.

आत्या